रिव्हर्ब आणि डिले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिक्सिंग (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं) शिकणारे, घरी रेकॉर्डिंग करणारे आणि अधूनमधून गायकही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्याचेच ठेवले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी पायाचे आहेत. ज्यांचा पाया झाला आहे त्यांनी थेट प्रश्न ६ पासून वाचलं तरी चालेल. एक गोष्ट आधीच सांगतो. रिव्हर्बचा नॉब मी अंतराचा नॉब समजतो. गाणारा ऐकणाऱ्यापासून किती लांब उभा आहे हे त्यावर ठरतं, आणि खालची बरीचशी उत्तरं याच समजुतीतून आली आहेत.

१. रिव्हर्ब आणि डिले यांत नेमका फरक काय? मला तर दोन्हीकडे आवाज घुमल्यासारखाच वाटतो.

मोजता येतो तो डिले, मोजता येत नाही तो रिव्हर्ब. मोकळ्या जागी एखाद्या उंच भिंतीपासून १७ मीटरवर उभं राहून टाळी वाजवा. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे भिंतीवर आपटून परत यायला त्याला साधारण १०० मिलिसेकंद लागतात. टाळीनंतर दुसरी टाळी वेगळी ऐकू येते. हा डिले. आता तीच टाळी रिकाम्या सभागृहात वाजवा. भिंती, छत, जमीन, खुर्च्या, सगळीकडून हजारो परावर्तनं येतात, एकमेकांत मिसळतात आणि एकच लांब शेपूट तयार होते. हा रिव्हर्ब.

डिलेच्या वेळा खूप आखूड करून एकावर एक रचत गेलात तर हळूहळू रिव्हर्बच तयार होतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये मॅनफ्रेड श्रोडर यांनी कॉम्प्युटरवर पहिले कृत्रिम रिव्हर्ब असेच बांधले होते. त्यात छोटे डिले होते आणि त्यांचा फीडबॅक होता, म्हणजे बाहेर आलेला आवाज पुन्हा आत सोडलेला होता. आजच्या कितीतरी प्लगिनच्या (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) पोटात तीच कल्पना आहे.

२. प्रत्येक ट्रॅकवर रिव्हर्ब लागतोच का?

नाही. सगळेच दूर उभे राहिले तर जवळ कोण आहे हे कळायला काही उरत नाही. एखादं वाद्य अगदी कोरडं, म्हणजे रिव्हर्बशिवाय, ठेवलं की त्याच्या शेजारचा आवाज आपोआप मागे गेल्यासारखा वाटतो. किक (ड्रमसेटमधला पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बेस तर मी बहुतेक वेळा कोरडेच ठेवतो.

३. प्लगिन थेट ट्रॅकवर टाकू की सेंडवर?

सेंडवर. एक ऑक्स किंवा बस (अनेक ट्रॅकचा आवाज जिथे एकत्र येतो ती वाहिनी) उघडा, त्यावर रिव्हर्ब बसवा आणि ज्या ज्या ट्रॅकला हवा त्याचा थोडा थोडा आवाज तिकडे पाठवा. यात फायदे बरेच आहेत. चार वाद्यं एकाच जागेत बसल्यासारखी वाटतात, कॉम्प्युटरवर ताण कमी पडतो, आणि रिव्हर्बला स्वतंत्र इक्यू (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणारं) किंवा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं) लावता येतो.

मात्र सेंडवरच्या प्लगिनमध्ये मिक्सचा नॉब १०० टक्के वेटवर (नुसता रिव्हर्ब, कोरडा आवाज नाही) हवा. "रिव्हर्ब वाढवला की गाण्याचा आवाजच मोठा होतो" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हा नॉब बघायला सांगतो. तो ४० वर असेल तर कोरडा आवाज मूळ ट्रॅकमधूनही येतो आणि बसमधूनही, आणि दोन्हींची बेरीज होते.

थेट ट्रॅकवर टाकण्याचीही वेळ येते. गिटारला स्प्रिंग रिव्हर्ब हा तिच्या स्वराचाच भाग म्हणून हवा असेल, किंवा एखादा सिंथ पूर्ण धुक्यात न्यायचा असेल, तेव्हा तसंच करा.

४. ट्रॅक म्यूट केला तरी त्याचा रिव्हर्ब वाजतच राहतो. प्लगिन बिघडलंय का?

सेंड प्री-फेडर आहे. प्री-फेडर सेंड फेडरच्या, म्हणजे ट्रॅकची पातळी ठरवणाऱ्या सरकपट्टीच्या, आधीच आवाज उचलतो, त्यामुळे फेडर खाली आणला तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. पोस्ट-फेडर करा, रिव्हर्ब फेडरच्या मागे मागे चालेल. काही सॉफ्टवेअरमध्ये म्यूट प्री-फेडर सेंडलाही बंद करतं, काहींत करत नाही, म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा तपासून ठेवा.

ही चूक मला महागात पडली आहे. एका गाण्याचा नुसता वाद्यांचा ट्रॅक काढून द्यायचा होता. गायिकेचा फेडर खाली ओढला, बाउन्स केला (म्हणजे तयार फाइल काढली), पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला : अंतऱ्याच्या आधीच्या शांत जागेत कुणीतरी लांबून गातंय. ते तिचंच गाणं होतं, कोरड्या आवाजाशिवाय, नुसत्या शेपटीच्या रूपात. तेव्हापासून असा ट्रॅक पाठवण्याआधी मी तो पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐकतो.

प्री-फेडरचा चांगला उपयोगही आहे. गाण्याच्या शेवटी फेडर हळूहळू खाली आणा आणि सेंड प्री-फेडर ठेवा. गायक चालत चालत लांब गेल्यासारखा वाटतो, कारण कोरडा आवाज कमी होत जातो आणि जागेचा आवाज तेवढाच राहतो.

५. रूम, चेंबर, प्लेट, स्प्रिंग, हॉल... प्रीसेटची यादी संपत नाही. निवडायचं कसं?

ही नावं कुठून आली ते कळलं की निवड सोपी होते.

चेंबर म्हणजे खरोखरची खोली. कठीण भिंतींच्या खोलीत एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला माइक. बिल पटनम यांनी १९४७ साली स्टुडिओच्या स्वच्छतागृहाचा असा वापर करून रेकॉर्डवर कृत्रिम घुमारा आणला होता. चेंबरचा आवाज दाट आणि गोल असतो. गाण्याच्या मागे तो बसतो आणि स्वतःकडे लक्ष वेधत नाही.

प्लेट म्हणजे टांगलेला पोलादी पत्रा. १९५७ साली आलेलं ईएमटी १४० हे यंत्र सुमारे २७० किलोचं होतं. पत्र्याला एका टोकाला कंप द्यायचा आणि दुसरीकडे लावलेल्या पिकअपने तो उचलायचा. पत्र्यात भिंती नाहीत, त्यामुळे "ही अमुक आकाराची खोली आहे" अशी खूण कानाला मिळत नाही. घनता मात्र पहिल्या क्षणापासून असते. म्हणूनच प्लेट गायकाच्या आवाजाला चमक देते आणि त्याला कुठल्या जागेत नेऊन ठेवत नाही. काय निवडावं सुचत नसेल तर गाण्यासाठी प्लेटपासून सुरुवात करा.

स्प्रिंग आधी हॅमंड ऑर्गनमध्ये आली आणि मग गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. तिचा आवाज थरथरता, थोडा टणत्कार असलेला. ड्रमवर टाकली तर प्रत्येक ठोक्याला "ट्वांग" ऐकू येतो, म्हणून ती तालवाद्यांवर जपून वापरा.

हॉलमध्ये घनता हळूहळू वाढते आणि शेपूट लांब असते. संथ गाणी, तंतुवाद्यांचा समूह, बासरी यांना हा शोभतो. जलद गाण्यात हॉल टाकला की सगळं एकमेकांच्या अंगावर येतं.

रूम छोटी असते आणि तिच्यात सुरुवातीची परावर्तनं ठळक असतात. नुसत्या माइकसमोर काढलेल्या ड्रमला किंवा कोरड्या नमुन्यांपासून बनवलेल्या तालाला ती "हे सगळं एकाच ठिकाणी वाजतंय" असा आधार देते. ०.३ ते ०.८ सेकंदांची रूम ऐकू येण्याइतकीही नसते, पण बंद केली की ताल एकदम सुटा सुटा वाटतो.

६. डीके टाइम किती ठेवायचा?

डीके टाइम म्हणजे आवाज थांबल्यावर शेपूट ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. वॉलेस सबिन यांनी १८९०च्या दशकात हार्वर्डमधल्या एका व्याख्यान-सभागृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर करून या विषयाचा पाया घातला. त्या सभागृहात उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त रेंगाळत असे आणि कुणाला काही समजत नसे. त्यांच्याच सल्ल्याने १९०० साली बांधलेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलमध्ये श्रोते भरलेले असताना हा वेळ सुमारे १.९ सेकंद आहे, आणि तो आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

मिक्समध्ये मी आकड्यापेक्षा रिकाम्या जागा बघतो. एक ओळ संपते आणि दुसरी सुरू होते, त्यामधल्या श्वासात शेपूट विरली पाहिजे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) चार मात्रांचा एक बार बरोबर २ सेकंदांचा असतो. ओळींमध्ये एक मात्रा रिकामी असेल तर अर्धा सेकंद मिळतो. तिथे ३ सेकंदांचा हॉल टाकलात तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द मागच्या ओळीच्या चिखलात पाय टाकतो. स्नेअरसाठी (ड्रमसेटमधल्या करकरीत आवाजाच्या ड्रमसाठी) सोपी खूण अशी की पुढचा ठोका यायच्या आत शेपूट जवळजवळ संपावी.

७. प्री-डिले हा नॉब नेमकं काय करतो? मी तो कधी हलवतच नाही.

हलवा. सगळ्या रिव्हर्बमधला मला सर्वांत प्रिय नॉब हाच.

कोरडा आवाज आणि रिव्हर्बची सुरुवात यांमध्ये किती वेळ जाईल, ते प्री-डिले ठरवतो. मोठ्या सभागृहात तुमच्या अगदी पुढ्यात कुणी बोललं तर त्याचा आवाज आधी पोचतो आणि भिंतींवरून येणारा बराच नंतर. तोच माणूस सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला गेला तर त्याचा थेट आवाज आणि परावर्तनं जवळपास एकत्रच येतात. म्हणजे प्री-डिले वाढवला की जागा मोठी राहते आणि गायक जवळ येतो. शून्य ठेवला की गायक भिंतीला चिकटतो.

हे करून बघा. ८० बीपीएमचं एखादं संथ गाणं घ्या, आवाजावर २.२ सेकंदांचा हॉल, प्री-डिले शून्य. "काळोख" या शब्दातला "का" ऐका. "क"चा जो छोटासा स्फोट असतो त्याच्यावर लगेच रिव्हर्बची चादर पडते आणि शब्द मऊ, लांबचा होतो. आता रिव्हर्बची पातळी अजिबात न बदलता प्री-डिले ४५ मिलिसेकंद करा. तेवढ्या वेळात ध्वनी साधारण १५ मीटर जातो. "क" मोकळा सुटतो, "आ"कारात रिव्हर्ब फुलतो. शब्द जवळ, जागा मोठी. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या गाण्यातला रिव्हर्ब कमी करण्यात आधी घालवलेला अख्खा दिवस आठवला. पातळी कमी करायची गरजच नव्हती.

गाण्यासाठी २० ते ६० मिलिसेकंदांत शोधा. ८०-१००च्या पुढे गेलात की रिव्हर्ब आवाजापासून सुटून वेगळ्या प्रतिध्वनीसारखा ऐकू यायला लागतो. तबला, क्लॅप, रिमशॉट अशा तीक्ष्ण आवाजांवर तो बराच आधी सुटतो, तिथे २० मिलिसेकंदही कधी कधी जास्त होतात.

८. रिव्हर्ब टाकला की मिक्स गढूळ होतो. कमी केला तर कोरडा वाटतो. मधला मार्ग सापडत नाही.

बहुतेक वेळा रिव्हर्ब जास्त नसतो, त्याच्या खालच्या वारंवारता जास्त असतात. रिव्हर्बच्या बसवर, प्लगिनच्या आधी, इक्यू लावा. अ‍ॅबे रोड स्टुडिओत चेंबर आणि प्लेटकडे जाणारा आवाज ६०० हर्ट्झच्या खाली आणि १० किलोहर्ट्झच्या वर कापून पाठवण्याची रीत होती. ६०० हा आकडा ऐकून लोक दचकतात. सोलोमध्ये, म्हणजे एकटाच, ऐकलं तर रिव्हर्ब टेलिफोनसारखा पातळ वाटतोही. पण तो कधीच सोलोमध्ये वाजणार नाही. पूर्ण मिक्समध्ये आवाजाचं वजन कोरड्या ट्रॅकमधून येतं आणि रिव्हर्ब फक्त हवा देतो. भीती वाटत असेल तर २०० ते ३०० हर्ट्झपासून सुरुवात करून वर सरका.

पातळी ठरवण्याची माझी पद्धत : रिव्हर्बचा फेडर पूर्ण खाली. पूर्ण गाणं चालू असताना तो हळूहळू वर न्या, "आता ऐकू आला" असं वाटेपर्यंत. मग थोडा खाली घ्या. पंधरा मिनिटं दुसरं काम करा, आणि रिव्हर्ब बंद करून बघा. काहीतरी हरवल्यासारखं वाटलं तर पातळी बरोबर आहे. खोली कोसळल्यासारखं वाटलं तर जास्त होता.

९. गाण्यातला "स" आणि "श" रिव्हर्बमध्ये सिसकारत राहतो.

डी-एसर (सिसकारे दाबणारं प्लगिन) रिव्हर्बच्या बसवर, रिव्हर्बच्या प्लगिनच्या आधी लावा आणि जोरात चालवा. मूळ गाण्यावर इतका डी-एसर लावला तर गायक बोबडा वाटेल. बसवर ती भीती नाही, कारण तिथून फक्त शेपटी तयार होतात. "स्पर्श" हा शब्द याची कसोटी आहे. त्यात "स" आणि "श" दोन्ही आहेत आणि प्लेट दोन्हींना पकडून सेकंदभर ओढते. डी-एसरने भागलं नाही तर प्रश्न ८ मधला वरचा कट ७-८ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणा.

१०. डिलेची वेळ टेम्पोवरून कशी काढायची?

६०,००० भागिले बीपीएम. उत्तर एका मात्रेचे मिलिसेकंद. १२० बीपीएमला ५००, ८० बीपीएमला ७५०.

पुढे मात्रेचे भाग करा. अर्धी मात्रा म्हणजे एट्थ नोट : १२०ला २५०. पाव मात्रा म्हणजे सिक्स्टीन्थ : १२५. प्लगिनमध्ये ज्याला डॉटेड एट्थ म्हणतात ती आपली पाऊण मात्रा : ३७५. एट्थ ट्रिपलेट म्हणजे मात्रेचा तिसरा भाग : सुमारे १६७. ज्यांचा हात तालावर बसलेला आहे त्यांनी प्लगिनच्या इंग्रजी नावांऐवजी पाव, अर्धा, पाऊण असा विचार केला तर कुठला डिले कुठे पडेल हे आधीच ऐकू येतं.

पाऊण मात्रेचा डिले इतका लोकप्रिय का, तेही यातच दिसतं. वाजवणारा अर्ध्या अर्ध्या मात्रेला स्वर छेडतो आणि डिले पाऊण मात्रेवर उत्तर देतो. दोघं एकमेकांवर न पडता मधल्या पाव मात्रा भरत जातात. साधी गिटारची फ्रेज दुप्पट भरलेली वाटते.

११. टेम्पोशी सिंक केलेला डिले एकतर ऐकूच येत नाही, नाहीतर यांत्रिक वाटतो.

ऐकू येत नाही कारण तो नेमका ठोक्यावर पडतो, आणि त्याच क्षणी किक, स्नेअर किंवा पुढचा शब्द त्याला झाकतो. हे कधी कधी हवंच असतं : आवाज भरीव होतो आणि कुणाला डिले दिसत नाही. ऐकू यायला हवा असेल तर सिंक काढा आणि वेळ १०-२० मिलिसेकंद मागे-पुढे करा. थोडा उशिरा पडणारा डिले आळसावलेला, सैल वाटतो. थोडा आधी पडणारा गाण्याला पुढे ढकलतो.

यांत्रिकपणा जातो तो आवाज बदलल्याने. टेपवर प्रत्येक आवर्तनाला वरच्या वारंवारता थोड्या झिजायच्या आणि वेग किंचित डुलायचा. म्हणून डिलेच्या फीडबॅकमध्ये लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता कापणारा) लावा, ३ ते ५ किलोहर्ट्झ, आणि अगदी थोडं मॉड्युलेशन (वेळेचं हलकं डुलणं) द्या. प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा मंद आणि दूरचा झाला की कान तो स्वीकारतो.

१२. फीडबॅक किती ठेवावा?

५० टक्क्यांवर प्रत्येक आवर्तन आधीच्याहून सुमारे ६ डेसिबल खाली जातं, म्हणजे दहा आवर्तनांत ६० डेसिबल. ३७५ मिलिसेकंदांच्या डिलेला याचे पावणेचार सेकंद होतात. ७० टक्क्यांवर घट जेमतेम ३ डेसिबल, आणि तोच डिले सात सेकंदांच्या वर रेंगाळतो. आकडा थोडा वाढवला तरी शेपूट दुप्पट होते ती अशी. गाण्यासाठी मी बहुधा १५ ते ३० टक्क्यांत असतो. १०० टक्के गाठल्यावर डिले थांबतच नाही आणि त्यापुढे वाढत जातो, तेव्हा स्पीकर आणि कान दोन्ही सांभाळा.

१३. डिले छान वाटतो, पण शब्दांच्या मध्ये मध्ये येतो.

दोन उपाय. पहिला डकिंग : डिलेच्या बसवर कॉम्प्रेसर लावा आणि त्याच्या साइडचेनला (कधी दाबायचं हे ठरवणाऱ्या वेगळ्या इनपुटला) कोरडा आवाज द्या. गायक गात असेपर्यंत डिले ६ ते १० डेसिबल दबलेला राहतो, ओळ संपली की वर येतो. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) २०० ते ३०० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर डिले उसळी मारून वर आल्यासारखा वाटतो.

दुसरा उपाय हाताने. सेंड शून्यावर ठेवायचा आणि ओळीच्या शेवटच्या एकाच शब्दावर ऑटोमेशनने (नॉबची आधीच आखून ठेवलेली हालचाल) उघडायचा. याला थ्रो म्हणतात. वेळ जास्त जातो, पण शब्द आपण निवडतो. कवितेत ज्या शब्दावर ओळ टेकते तोच शब्द मागे राहतो. मला हा उपाय जास्त आवडतो, कारण तो करताना गाण्याचे शब्द नीट वाचावे लागतात.

१४. आवाज मोठा हवाय पण मागे जायला नको. रिव्हर्बशिवाय काही करता येतं का?

स्लॅपबॅक. ८० ते १४० मिलिसेकंदांचा एकच प्रतिध्वनी, फीडबॅक शून्य. तो टेप-यंत्रातून जन्माला आला : रेकॉर्ड हेड आणि प्लेबॅक हेड यांत ५ सेंटीमीटर अंतर असेल आणि टेप सेकंदाला ३८ सेंटीमीटर धावत असेल, तर सुमारे १३० मिलिसेकंदांचा उशीर आपोआप मिळतो. डिलेला शेपूट नसल्याने तो गाणाऱ्याच्या भोवती धुकं करत नाही. मोनो ठेवा, वरची धार कापा, आणि जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवा. घाईच्या, शब्दांनी भरलेल्या गाण्यात रिव्हर्बच्या जागी मी हाच वापरतो.

१५. डाव्या-उजव्या बाजूत थोडा डिले देऊन आवाज रुंद केला, पण फोनच्या स्पीकरवर तो पोकळ झाला.

हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवलं की थोड्याच मिलिसेकंदांच्या फरकाने आलेला दुसरा आवाज कान वेगळा धरत नाही. साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांत तो पहिल्यात मिसळतो, आणि दुसरा काही डेसिबल मोठा असला तरी दिशा पहिल्याचीच वाटते. रुंदी मिळते ती यामुळे.

मोनोत मात्र दोन्ही बाजू एकत्र मिसळतात आणि काही वारंवारता एकमेकींना खोडतात. १२ मिलिसेकंदांचा फरक असेल तर ४२, १२५, २०८ हर्ट्झ अशा ठरावीक अंतराने खड्डे पडत जातात. तोच तो पोकळपणा. मुख्य आवाजावर ही युक्ती मी वापरत नाही. रुंदी हवी असेल तर कोरडा आवाज मध्ये ठेवून डिले किंवा रिव्हर्बचा बस रुंद करा. मोनोत फार तर रुंदी जाते, गायक जात नाही. डावीकडून उजवीकडे उड्या मारणारा पिंग-पाँग डिलेही मोनोत साधा डिले होऊन जगतो.

१६. एका मिक्समध्ये किती रिव्हर्ब असावेत?

डिले धरून दोन किंवा तीन. एक छोटी जागा, एक लांब शेपूट, एक डिले. नवशिक्यांच्या सेशनमध्ये मी अकरा-अकरा रिव्हर्ब पाहिले आहेत, प्रत्येक वाद्य वेगळ्या इमारतीत.

१७. कन्व्होल्यूशन चांगला की अल्गोरिदमिक?

कन्व्होल्यूशन म्हणजे एका खऱ्या जागेची ध्वनिछाप. त्या जागेत ठरावीक आवाज वाजवून तिचा प्रतिसाद रेकॉर्ड करतात आणि तोच तुमच्या ट्रॅकला लावतात. खरेपणा विलक्षण असतो, पण जागा त्या एका क्षणात गोठलेली असते. अल्गोरिदमिक रिव्हर्बमध्ये शेपटीला आतून हलकी हालचाल देता येते, आणि त्यामुळे लांब शेपूट धातूसारखी वाजत नाही. चित्रपटातल्या संवादाला किंवा वाद्यवृंदाला कन्व्होल्यूशन, गाण्याच्या आवाजाला अल्गोरिदमिक, अशी माझी ढोबळ सवय आहे.

१८. ड्रमचा तो "भव्य आणि लगेच तुटणारा" रिव्हर्ब कसा करतात?

गेटेड रिव्हर्ब. पीटर गॅब्रिएल यांच्या १९८० साली आलेल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होते आणि ह्यू पॅडगम इंजिनिअर होते. वादकांशी बोलण्यासाठी लावलेल्या माइकवर जोरदार कॉम्प्रेसर होता. त्यातून ड्रम ऐकू आले आणि सगळे थबकले. मग त्या खोलीच्या आवाजावर गेट (पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की आवाज बंद करणारं यंत्र) बसला. आज करायचं तर स्नेअरचा सेंड २ सेकंदांच्या रूमवर, त्यामागे कॉम्प्रेसर, त्यामागे गेट, आणि गेटच्या साइडचेनला कोरडा स्नेअर. गेटचा होल्ड (गेट उघडा राहण्याचा वेळ) पुढच्या ठोक्याआधी संपेल इतका ठेवा.

१९. रेकॉर्डिंगमध्येच खोली घुमतेय. त्यावर आणखी रिव्हर्ब टाकला तर झाकलं जाईल का?

थोडंफार. लहान खोलीचा घुमारा खोक्यासारखा असतो आणि त्यावर लांब, चमकदार रिव्हर्ब टाकला तर कान दोन जागा एकदम ऐकतो. आधी रेकॉर्डिंगमधला ३०० ते ६०० हर्ट्झचा फुगवटा शोधून कमी करा. मग साधारण तेवढ्याच आकाराची रूम, प्री-डिले जवळजवळ शून्य, हलकीच मिसळा. खोलीचा खडबडीतपणा तिच्यात विरघळतो. मुख्य आवाजावर जड कॉम्प्रेसर टाळा, कारण तो शब्दांमधला घुमारा उचलून पुढे आणतो. गायक उपलब्ध असेल तर मागे जाड रजई टांगून पुन्हा गाऊन घेणं सगळ्यांत उत्तम.

२०. स्वर बदलला की रिव्हर्बमधला जुना स्वर नव्याशी भांडतो. पातळी कमी केली तरी खटकतं.

ही खरी अवघड जागा, आणि पातळीने ती सुटत नाही. "ग" वरून "म" वर जाताना शेपटीत "ग" अजून जिवंत असतो. दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर, म्हणून घासाघीस होते. कॉर्ड बदलताना हेच घडतं. उपाय : त्या बदलाच्या आधी अर्धी मात्रा सेंड ऑटोमेशनने खाली घ्या, किंवा त्या भागापुरता डीके टाइम निम्मा करा. प्रश्न १३ मधलं डकिंगही मदत करतं, कारण नवा स्वर आला की जुनी शेपूट दबते.

याला अपवाद तंबोऱ्यासारख्या अखंड सुराचा. तिथे मागचा सूर आणि पुढचा एकच असतो, त्यामुळे चार सेकंदांचा हॉलही शोभून दिसतो.

२१. टेम्पोच नसलेल्या आलापात डिले कसा वापरू?

सिंक बंद करा, बीपीएम विसरा. गायकाच्या दोन स्वरवाक्यांमधला श्वास सेकंदात मोजा. मी बहुधा ४०० ते ७०० मिलिसेकंद घेतो, फीडबॅक १० टक्क्यांच्या आत, आणि डिलेचाच आवाज पुढे रिव्हर्बमध्ये पाठवतो. ठोके विरतात आणि मागे फक्त एक सावली उरते. मींडेवर विशेष लक्ष ठेवा : स्वर घसरत असताना डिले जुन्या उंचीवर उत्तर देतो. खटकलं तर मींडेपुरता सेंड बंद करा.

२२. हेडफोनवर ठरवलेला रिव्हर्ब स्पीकरवर वेगळाच वाटतो. विश्वास कशावर ठेवू?

हेडफोनवर खोली मध्ये येत नाही, बारीकशी शेपूटही ऐकू येते. स्पीकरवर तुमच्या खोलीचा स्वतःचा घुमारा मिसळतो आणि मिक्समधली शेपूट त्यात लपते. मी डीके, प्री-डिले आणि कट हेडफोनवर ठरवतो, पातळी स्पीकरवर, हळू आवाजात.

२३. बाउन्स केल्यावर शेवटची शेपूट कापली जाते.

बाउन्सची सीमा शेवटच्या स्वरावर ठेवलेली असते. ती शेपूट पूर्ण विरेपर्यंत पुढे न्या, ३ सेकंदांच्या रिव्हर्बला निदान ५ सेकंद. हेडफोनचा आवाज वाढवून शेवट ऐका, मगच फेड-आउट लावा.

२४. दुसऱ्या कुणाला मिक्स करायला ट्रॅक द्यायचे आहेत. रिव्हर्बसकट देऊ की कोरडे?

दोन्ही, वेगवेगळ्या फाइलमध्ये. कोरडा ट्रॅक एक, १०० टक्के वेट रिव्हर्ब दुसरा, डिले तिसरा, सगळ्या फाइल एकाच ठिकाणाहून सुरू होणाऱ्या. ज्या आवाजाचा इफेक्ट हाच त्याचा स्वभाव आहे, उदाहरणार्थ स्प्रिंगसकट वाजवलेली गिटार, तिची ओली फाइल "हीच वापरा" असं नावातच लिहून द्या. सोबत बीपीएम आणि डिलेच्या वेळा एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा. समोरच्याचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी त्या आकड्यांवरून तुमचा डिले तो पुन्हा उभा करू शकतो.